व्याह्यांचा चांद

सरकारवर मनापासून, निरपेक्ष आणि संपूर्ण एकतर्फी प्रेम करणारा माणूस या देशात एकच आहे, आणि तो नेमका व्याही म्हणून माझ्या वाट्याला आला. बाकीचे लोक सरकारला शिव्या घालतात, नाहीतर घाबरतात, नाहीतर त्याच्याकडून काही सुटतंय का ते बघतात. आमचे व्याही सरकारशी सोयरीक झाल्यासारखे वागतात. सरकारी कागद हातात घ्यायचा तर आधी हात धुतात. दुकानातला संगणक सकाळी सुरू करताना शर्टाची वरची गुंडी लावतात आणि पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं की आपोआप उभे राहतात. एकदा मी विचारलं, "अहो, उभे का राहिलात?" तर म्हणाले, "इहिणबाई, तिकडून साहेब पाहून राह्यला असन." मी म्हटलं, तिकडून कोणी पाहत असतं तर तुमचा माल महिना महिना रखडला नसता. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवळात चप्पल घालून शिरले.

त्यांचं सगळं आयुष्य वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात, औषधं देण्याच्या खिडकीमागे गेलं. निवृत्तीनंतर लोक दुपारी झोपायला शिकतात. यांनी आपल्या गावी, रोहण्याला, सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान काढलं. त्याच वर्षी त्यांच्या मुलाशी आमच्या लेकीचं लग्न झालं. तेव्हाची मी म्हणजे एक बघण्यासारखं प्रकरण होतं. नुकतीच पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे आत्ताच्या मानाने पोरच, केसांना दर पंधरवड्याला कलप आणि डोक्यात जन्मभराचा मठ्ठपणा. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत आमचं स्लॅबचं घर, बैठकीत काचेचं कपाट, आणि त्या कपाटात मी टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या मांडून ठेवलेल्या. महागाच्या होत्या ना! औषधाचा गुण त्याच्या खोक्यात असतो अशी माझी पक्की समजूत. डॉक्टरांनी साधी गोळी लिहून दिली तर मला अपमान वाटायचा, "याहून वरची नाही का?" असं मी साडीच्या दुकानात विचारावं तसं विचारायची. शेजारणींना मी सांगितलं होतं, की व्याही मेडिकल लाइनीत आहेत. त्या डॉक्टर समजल्या. मी समजू दिलं. मग एकदा शेजारीण आपल्या गुडघ्याचा फोटो घेऊन त्यांना दाखवायला आली, आणि हे महाशय अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, मी गोळ्या देतो. गुडघा डॉक्टरले दाखवजो." त्या दिवशी मी आतल्या खोलीत जी बसले, ती पाहुणे गेल्यावरच बाहेर आले.

त्यांचं दुकान म्हणजे बसथांब्याजवळचा एक गाळा. बाहेर बाकडं, आत फ्रिज, आणि कपाटांत बिननखऱ्याच्या पांढऱ्या पाकिटांतल्या गोळ्या. औषधं इतकी स्वस्त, की दुकानदाराच्या हाती विकून काही फारसं लागत नसे. पण सरकार दर महिन्याला, घेतलेल्या मालाच्या प्रमाणात, प्रोत्साहन म्हणून काही रक्कम द्यायचं. त्यात गाळ्याचं भाडं आणि विजेचं बिल निघायचं आणि व्याह्यांचा चहा. "सरकार मले चहा पाजते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सांगताना डोळ्यांत पाणी.

आता त्यांच्या चित्रकलेविषयी बोललं पाहिजे. गिऱ्हाइकांतल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही म्हणून हे प्रत्येक पाकिटावर काळ्या पेनाने चित्र काढायचे. सकाळच्या गोळीवर सूर्य, दुपारच्या गोळीवर शिदोरीचं गाठोडं, रात्रीच्या गोळीवर चांद. कल्पना उत्तम. हात भयंकर. त्यांचा सूर्य कोळ्यासारखा दिसे, शिदोरीला लोक बटाटा म्हणत, आणि चांद तर हुबेहूब विळा. गावात गयाबाई म्हणून एक म्हातारी आहे, मजुरीला जाणारी, जिभेने गावाला पुरून उरणारी. तिची रक्तदाबाची गोळी रात्रीची. महिना उलटला तरी रक्तदाब जागचा हलेना. व्याह्यांनी विचारलं, "गयाबाई, गोळी घेतं का नाई?"

"घेतो नं बाप्पा! कापनीले गेली का घेतो."

"आँ? कापनीले काऊन?"

"तुमीच तं इळा काढला त्याच्यावर! आता कापनीच नाई तं काय करू? परवा पराटीत निंदन होतं, त्या दिवशी नाई घेतली."

त्यानंतर व्याह्यांनी चांदाशेजारी दोन चांदण्या काढायला सुरुवात केली. गयाबाई म्हणाली, "हे इळ्याले घासलं का ठिनग्या उडते, थे होय." शेवटी त्यांनी तिला अंगणात नेऊन वर आभाळात बोट दाखवलं. अमावस्या होती.

एवढ्यावर भागत नसे. पहिली गोळी त्यांच्यासमोरच घ्यायची, असा त्यांचा दंडक. बाकड्याशी तांब्या आणि पेला ठेवलेला. गोळी घेतली की "आ करा" म्हणायचे आणि ती खाली गेली की नाही ते वाकून बघायचे. सरपंच असो की सरपंचाची आजी, आ केल्याशिवाय सुटका नाही. मलाही रक्तदाब निघाला तेव्हा लेकीने बळेच रोहण्याला नेलं. मी आधी नाक मुरडून म्हटलं, "स्वस्त औषधाला गुणही स्वस्तच यायचा." ते हसले आणि गोळी माझ्या हातावर ठेवली. पण आता मोठाच पेच. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी आई पीत नाही. हल्ली कोण पाळतं? मी पाळत होते. टॉनिकच्या बाटल्यांचं प्रदर्शन मांडणारी आधुनिक बाई मी, पण पाण्याच्या बाबतीत थेट पणजीच्या पंगतीला. "पाणी नको," मी म्हणाले, आणि कोरडीच गोळी गिळली. ती गळ्याच्या मध्यावर बसली ती बसलीच. डोळे बाहेर, तोंड लाल, बाकड्यावरचे चार म्हातारे माझ्याकडे बघतायत, आणि व्याही पेला पुढे धरून अजिजीने म्हणतायत, "घ्या नं इहिणबाई, हे पानी ग्रामपंचायतीच्या नळाचं आहे. सरकारी आहे. आमच्या घरचं नाई." सरकारी पाणी मी प्याले. सरकारने माझा जीव वाचवला, तो तेवढा एकदाच.

पुढे नात झाली, पाण्याचा प्रश्न सुटला, टॉनिकच्या बाटल्या भंगारात गेल्या, आणि मी दर महिन्याला एसटीने रोहण्याला जाऊन गोळ्या आणू लागले. वर्ध्यात पावलोपावली औषधाची दुकानं आहेत. पण सूर्यवाली गोळी नव्हती ना तिथे.

मग सरकारचं डोकं फिरलं. दुसरा शब्द असेल तर कोणीतरी मला सांगावा. एके दिवशी नवा नियम आला, की प्रोत्साहनाची रक्कम आता सरसकट मिळणार नाही. यादीतला सगळा माल जो दुकानात भरून ठेवील आणि यादीतल्या सगळ्या मालाचा खप दाखवील, त्यालाच मिळेल. यादी कुठे बनली देव जाणे, पण बनवणाऱ्याने रोहणा पाहिलेलं नव्हतं हे नक्की. तीत होती प्रोटीनची पावडर. चॉकलेटच्या चवीची. डब्यावर एक उघडा माणूस, त्याच्या दंडावर बेटकुळी. ज्या गावात बाया उन्हं चढायच्या आत निंदायला जातात आणि पुरुष दिवसभर पोती उचलतात, त्या गावाला बेटकुळ्या आणण्यासाठी सरकार पावडर पाठवत होतं!

मी तर ऐकून पेटलेच. म्हटलं, "तुम्ही कळवा त्यांना. खरमरीत लिहा."

व्याही म्हणाले, "असं नाई करत. सरकार म्हनजे नवरदेवाकडची मानसं. रुसनं-फुगनं चालतेच. आपन मानपान करा लागते."

"मी मुलीकडचीच होते! तुमचा मानपान केला, तर तुम्ही निदान जेवलात तरी. हे तर ताट उलथं करून राह्यले!" रागात मीसुद्धा वऱ्हाडीवर येते.

त्यांनी लिहिलं. सविनय, नम्रपणे, आपला आज्ञाधारक वगैरे. उत्तर म्हणून पावडरीचे आणखी डबे आले.

प्रोत्साहन थांबलं. गाळ्याचं भाडं व्याही आपल्या पेन्शनीतून देऊ लागले, आणि आमची विहीण घरात भांडी जरा जोरात आपटू लागली. बाकड्यावर चर्चा सुरू झाली, की दुकान बंद पडणार. दुकान बंद म्हणजे प्रत्येक गोळीसाठी तालुक्याचं आर्वी गाठायचं. एक दिवसाची मजुरी बुडवायची, बसचं तिकीट काढायचं, आणि वर गोळी महागाची. तेव्हा गयाबाई उठून उभी राहिली. "खपच दाखवा लागते नं त्याहिले? मंग खपवू! आपन काय मेलो काय?" आणि रोहण्याने प्रोटीनची पावडर खपवायला घेतली.

असा प्रकार मी जन्मात पाहिला नाही. बचत गटाच्या बायांनी वर्गणी काढून डबे उचलले. कुणी ती पोरांच्या दुधात घातली, कुणी शेवयांच्या खिरीत. एकाने सरकीच्या ढेपेत कालवून बैलांना चारली, आणि पोळ्याच्या दिवशी त्याची जोडी तोरणाखाली अशी काही उधळली, की वाजंत्रीवाले ढोल टाकून पळाले. मीही मागे राहिले नाही. सिंदी मेघेच्या भजनी मंडळाला मी त्या पावडरीचे लाडू खाऊ घातले. चतुर्थीला त्याचे मोदक करून केळझरच्या गणपतीलाही नेले. देवाने तोंड वाकडं केलं नाही. आमच्या ह्यांनी केलं. "हे काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "रोहण्याचं दुकान आहे. मुकाट्याने गिळा."

खप झाला. प्रोत्साहन पुन्हा सुरू झालं. व्याह्यांनी डोळे पुसून बाकड्यावर सगळ्यांना चहा पाजला, आणि म्हणाले, "पाहा, मी म्हनलं नव्हतं? सरकार आपलंच आहे."

पण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. सरकारने आता माल माणसाच्या हाती न ठेवता संगणकाच्या हाती दिला होता. जे खपतं ते जास्त पाठवायचं, जे खपत नाही ते कमी. संगणकाने रोहण्याकडे पाहिलं आणि त्याला दिसलं, की या गावाला फक्त प्रोटीन पाहिजे! पुढच्या वेळी गाडी आली ती डब्यांनी भरून. रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या. त्याच्या पुढच्या वेळी आणखी डबे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या आल्याच नाहीत. साखरेच्या आल्या, त्याही चिमूटभर. फ्रिजवर डबे, कपाटावर डबे, बाकड्याखाली डबे, आणि प्रत्येक डब्यावरून तो उघडा माणूस बेटकुळी दाखवत हसतोय. आमच्याच प्रेमाने आमचं दुकान भरलं आणि आमच्याच गोळ्या बाहेर काढल्या. बैल तेवढे तगडे झाले.

व्याही रोज संगणकापुढे गुंडी लावून उभे राहत आणि गोळ्यांची मागणी नोंदवत. रोज उत्तर तेच, साठा उपलब्ध नाही. अशात एक दिवस गयाबाई निंदता निंदता भोवळ येऊन पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, पडली. उरलेल्या गोळ्या ती दिवसाआड घेत होती. पुरवून पुरवून. कोणी सांगितलं नव्हतं तिला. घरात तेल पुरवतात तसं तिने औषध पुरवलं. वाचली. पण तिला बैलगाडीतून नेताना व्याही बाकड्याशी उभे होते, आणि लेक सांगते, त्या दिवशी त्यांनी संगणक सुरूच केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हा माणूस आर्वीला गेला. खासगी दुकानातून, पदरच्या पैशाने, महागाच्या चकचकीत खोक्यांतल्या गोळ्या आणल्या आणि आपल्या जेवणाच्या डब्यात लपवून ठेवल्या. योजनेच्या दुकानात बाहेरचा माल ठेवायला सक्त मनाई. सरकारी कागदाला हात धुऊन शिवणारा हा माणूस त्या दिवसापासून रोज पोळ्यांखालून गोळ्या काढून देऊ लागला, आणि घ्यायचा तोच सरकारी स्वस्त भाव. पाकिटावर सूर्य काढताना हात कापायचा म्हणे. सूर्य पहिल्यापेक्षा बरा दिसायला लागला.

तपासणीला साहेब आला तेव्हा नेमकी मी दुकानात होते. पोरगेलासा साहेब, स्वभावाने वाईट नाही. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "काका, अभिनंदन! प्रोटीनमध्ये तुमचं दुकान जिल्ह्यात फार पुढे आहे."

गयाबाई बाकड्यावरूनच म्हणाली, "साहेब, माही बीपीची गोळी काऊन नाई येत?"

साहेबाने मोबाइलवर बोट फिरवलं. "बीपीच्या गोळीला इथे मागणी दिसत नाही, आजी. खपच नाही."

"आलीच नाई तं खपन कशी?"

"खप दिसला की येईल नं."

मी उठले. माझा रक्तदाब त्या क्षणी कुठे होता ते मोजायला यंत्र पुरलं नसतं. म्हटलं, "साहेब, गोळी येत नाही म्हणून खपत नाही, खपत नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून येत नाही. हे तुम्हाला नोकरीला लागण्याआधी समजत होतं की नंतर समजायला लागलं? ही बाई शेतात पडली. तिची मागणी तुमच्या मोबाइलात दिसायला तिने कुठे पडायला पाहिजे होतं? तुमच्या दारात?"

साहेब लालबुंद झाला. व्याही मधे पडले. "इहिणबाई, बसा. साहेब पाहुने आहेत. साहेब, तुमी दमून आले असान. जेवले का?" आणि या जगावेगळ्या भल्या माणसाने, सवयीने, मानपानाने, आपला जेवणाचा डबा त्याच्यापुढे उघडला.

पोळ्या. खाली गोळ्या.

साहेबाने गोळ्यांचं पाकीट दोन बोटांनी उचललं. "काका, हा बाहेरचा माल." त्याचा आवाज खाली आला होता, त्यालाही बहुधा ते नको होतं. व्याह्यांनी नाही म्हटलं नाही. मी म्हणणार होते, की त्या माझ्या आहेत, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "माह्याच आहे, साहेब. मीच देतो लोकाईले. तुमी तुमचा नियम पाळा." आणि पुढे म्हणाले, "पन पोळी खा. भाजी गरम आहे."

पावसाळा सरायच्या आत प्रोत्साहन कायमचं बंद झालं, योजनेतून नाव कमी झालं आणि दुकानावरची पाटी निघाली. उरलेला माल परत नेताना गाडीवाल्याने प्रोटीनचे डबे तेवढे तारीख उलटल्याचं सांगून गाळ्यातच टाकून दिले. मी सिंदी मेघेला बसून या सरकारला जे जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही, आणि छापलं तर व्याही वाचून दुखावतील. ते अजून म्हणतात, "त्याहिची काही मजबुरी असन."

आता रोहण्याचे लोक गोळ्यांसाठी आर्वीला जातात. ज्यांना परवडतं ते. येताना मात्र सगळे बसथांब्यावर उतरून आधी व्याह्यांच्या ओसरीवर येतात. दुकानातलं बाकडं त्यांनी घरी आणलंय, तांब्या-पेलाही. आर्वीच्या चकचकीत खोक्यांवर ते काळ्या पेनाने चित्रं काढतात. त्याला ना परवाना लागतो, ना प्रोत्साहन. गयाबाई येते, चांद उलटासुलटा करून बघते आणि म्हणते, "अजून इळाच आहे."

मीही जाते. परवा वर्ध्याच्या एका गारेगार दुकानातून गोळ्या घेतल्या. तिथल्या मुलीने मान वर न करता पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं, आणि मला एकदम पोरकं पोरकं वाटलं. तशीच एसटीत बसले. ओसरीवर गेले आणि पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

"इहिणबाई, तुमाले तं वाचता येते."

"येतं. काढा तुम्ही."

त्यांनी पेन झटकलं आणि सूर्य काढला. कोळीच. मग पेला भरून पुढे केला. मी गोळी घेतली, पाणी प्याले, आणि कोणी सांगण्याआधीच, नातीच्या, लेकीच्या आणि विहिणीच्या देखत, भर ओसरीवर आ केला. ते वाकून बघत राहिले. गोळी केव्हाच खाली गेली होती. ते तरीही बघत होते, आणि मीही तोंड मिटलं नाही.